फॉर्म भरला, पण नोंद झाली का?

"मॅडम, नंबर आलाय ना मला. मग माल कुठाय?"

रबाळ्याच्या एमआयडीसीत ऑइल सील आणि ओ-रिंग बनवणारा एक कारखाना आहे. नाशिकच्या एका डीलरचा हा फोन त्यांच्या ऑर्डर डेस्कवर आला आणि तिथल्या मॅडमनी तो थेट माझ्याकडे वळवला. डीलरांसाठीचा ऑनलाइन फॉर्म आमच्या महापेच्या ऑफिसात बनला होता आणि त्याचा मागचा भाग मी लिहिला होता. या नाशिकच्या शेठनी शुक्रवारी फॉर्म भरला. स्क्रीनवर हिरवी खूण आली, तिच्याखाली ऑर्डर क्रमांक. त्यांनी स्क्रीनशॉटही काढून ठेवला होता. मॅडमनी तोच क्रमांक कंपनीच्या मुख्य सिस्टीममध्ये टाकला, तर सिस्टीम म्हणते, असा दस्तऐवजच नाही.

मी आधी शेठच्या स्क्रीनशॉटवर शंका घेतली. तो खरा होता. क्रमांकही खरा होता, सिस्टीमनेच दिलेला. आणि तरीही ऑर्डर नव्हती. चूक माझी होती. ती नेमकी काय होती ते सांगतो, पण त्यासाठी बटण दाबल्यावर पुढे काय काय घडतं ते थोडं बघावं लागेल.

फॉर्म म्हणजे ब्राउझरमधल्या रिकाम्या चौकटी. बटण दाबलं की ब्राउझर चौकटीचं नाव आणि तिच्यातला मजकूर अशा जोड्या लावतो, त्यांचं पुडकं बांधतो आणि सर्व्हरकडे धाडतो. १९९५ साली एचटीएमएल २.० चं प्रमाण ठरलं, तेव्हापासून या मूळ रीतीत फारसा फरक पडलेला नाही. सर्व्हर पुडकं सोडतो आणि आपल्या डेटाबेसात एक ओळ घालतो. इथपर्यंतचं काम कॉलेजातला मुलगा एका दुपारी करून दाखवेल. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी नोंदवायची असेल तर एवढं पुरतंही. अडचण सुरू होते ती ओळ कंपनीच्या खऱ्या वहीत जायची असते तेव्हा.

त्या खऱ्या वहीला ईआरपी म्हणतात. नाव जड आहे, काम समजायला सोपं आहे. गोदामात किती माल, कुणाकडे किती उधारी, उद्या कोणत्या मशीनवर काय लागणार, कुणाला किती जीएसटी, हे सगळं एका ठिकाणी आणि एकमेकांना बांधलेलं. लहान पेढीवर टॅली असतं, मोठ्या कारखान्यांत बरेचदा एसएपी, ज्याला आपल्याकडे सगळे सॅपच म्हणतात. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत ही कंपनी काढली आणि त्या मुळाच्या खुणा आत अजून सापडतात. विक्रीच्या ऑर्डरचा वरचा भाग, म्हणजे कुणाची, कधीची, कोणत्या प्रकारची ऑर्डर, हे ज्या टेबलात राहतं त्याचं नाव व्हीबीएके. शेवटचा 'के' म्हणजे 'कोप्फ', जर्मनमध्ये डोकं. मालाच्या ओळी व्हीबीएपीत, कोणती ओळ कोणत्या तारखेला द्यायची ते व्हीबीईपीत, माल कुणाकडे उतरवायचा आणि बिल कुणाच्या नावे हे व्हीबीपीएत. शेठचा फॉर्म एक, पण त्याची नोंद निदान चार ठिकाणी होते. शिवाय त्याच वेळी साठा अडवून ठेवायचा, उधारीची मर्यादा बघायची, भाव काढायचा, ही कामंही व्हायची असतात.

नवख्या प्रोग्रामरला इथे एक शॉर्टकट सुचतो: डेटाबेसला सरळ जोडणी करा आणि व्हीबीएकेत एक ओळ सरकवून द्या. ओळ बसेलही. डोकं बसेल, धड येणार नाही. साठा अडवला जाणार नाही, उधारी कुणी बघणार नाही, आणि महिनाअखेरीला हिशेबवाले ज्या ऑर्डरला ना भाव ना तारीख अशा ऑर्डरकडे बघत बसतील. म्हणून आत शिरायला ठरलेली दारं असतात. एसएपीत तीन नावं जास्त कानावर पडतात. 'बापी' म्हणजे तयार फंक्शन: 'विक्रीची ऑर्डर तयार कर' असं सांगून माहिती दिली की स्क्रीनवर बसलेल्या माणसाला लागू होणारे नियम लावूनच ती काम करते. 'आयडॉक' म्हणजे ठरावीक साच्यातला कागद, जो पेटीत टाकून द्यायचा आणि सिस्टीम सवडीने उचलते. 'ओडेटा' म्हणजे वेबच्याच भाषेत बोलणारं नवं दार.

कोणतं दार घ्यायचं यावर आमच्याकडे तासन् तास मीटिंगा होतात. माझ्या मते दाराला एवढं महत्त्व नाही. पावती कुठून मिळते आणि ती पक्की कधी धरायची, हे मात्र पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे, आणि नेमकं तेच कुणी ठरवत नाही.

खरं तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुरबाड-शहापूरकडे जमीन घेतलेल्या कुठल्याही ठाणेकराला विचारा. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला, अंगठे झाले, फोटो झाले, शिक्क्यांचा कागद हातात आला. सात-बाऱ्यावर नाव लागलं का? नाही. तलाठ्याकडे फेरफार धरला जाणार, गाव नमुना सहामध्ये. संबंधितांना नोटिसा निघणार, हरकतीसाठी पंधरा दिवस जाणार, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, आणि मग नाव. हल्ली दस्ताची माहिती संगणकावरूनच पुढे सरकते, पण फेरफार काही चुकत नाही. फॉर्मवरची हिरवी खूण हा दस्त, ईआरपीतली नोंद हा सात-बारा. मी शेठच्या हातात दस्त ठेवला होता आणि त्यावर 'सात-बारा' असं लिहून दिलं होतं.

ते कसं झालं, तर असं. ऑर्डर तयार करणाऱ्या बापीला हाक मारली की ती सगळं तपासते, ऑर्डर मांडते आणि क्रमांकही परत देते. पण हे सारं अजून हवेत असतं. त्यानंतर आणखी एक हाक मारावी लागते, बापी ट्रान्झॅक्शन कमिट नावाची: झालं ते आता पक्कं कर. ती मारली नाही तर जोडणी बंद झाली की मांडलेली ऑर्डर विरून जाते. क्रमांक मात्र खर्ची पडलेला असतो. पुढच्या ऑर्डरला पुढचा क्रमांक मिळतो आणि मालिकेत दात पडल्यासारखी फट राहते.

कमिटची ओळ माझ्या कोडमध्ये होती. फक्त ती एका अटीच्या पोटात होती. बापीच्या उत्तराबरोबर निरोपांची एक यादी येते आणि प्रत्येक निरोपावर एक अक्षर असतं. एस म्हणजे जमलं, आय म्हणजे नुसती माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे चूक, ए म्हणजे काम मधेच सोडलं. ई किंवा ए दिसला तर मागे फिरायचं, नाहीतर कमिट करायचं, एवढा साधा नियम. मी लिहिताना जास्त सावधपणा केला: यादीत एस सोडून काहीही असेल तर कमिट नको. शेठच्या ऑर्डरला एसएपीने डब्ल्यू दिला होता, की मागितलेल्या तारखेला पूर्ण साठा नाही, उरलेला नंतर मिळेल. रोजच्या धंद्यातली गोष्ट. माझ्या कोडने तेवढ्यावर कमिट गाळलं. आणि हिरवी खूण दाखवणारा भाग वेगळाच होता. तो बिचारा एवढंच बघत होता की क्रमांक आलाय का. आला होता.

वेबच्या पातळीवर या सगळ्याचा मागमूस नव्हता. सर्व्हरचं उत्तर '२००', म्हणजे ठीक. कुरिअरवाल्याने पाकीट हातात दिलं, सही घेतली, तो गेला. आतल्या चिठ्ठीत काय लिहिलंय त्याच्याशी त्याला काय देणंघेणं? पाकीट फोडून अक्षर वाचणं हे आपलं काम असतं.

त्या दिवशी मी वेबकडच्या नोंदीतले सगळे क्रमांक काढले आणि एसएपीतल्या यादीशी लावून बघितले. शेठखेरीज आणखी चार ऑर्डरी अशाच हवेत गेल्या होत्या. त्या डीलरांनी अजून फोन केला नव्हता, एवढंच. मॅडमनी पाचही ऑर्डरी हाताने टाकल्या. मला एक शब्दही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आता मॅडमबद्दल सांगतो, कारण फॉर्म यायच्या आधी या दोन वह्यांमधला पूल त्याच होत्या. डीलर फोन करायचे, व्हॉट्सॅपवर कागदाचा फोटो टाकायचे, आणि त्या ते एसएपीत चढवायच्या. बाहेरून बघणाऱ्याला ते टायपिंग वाटायचं. आम्हालाही वाटलं होतं. नाशिकचे शेठ "दोन द्या" म्हणाले की दोन खोके, उल्हासनगरचा डीलर "दोन" म्हणाला की दोन नग, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं. आमच्या पहिल्या फॉर्मवर नुसतं 'संख्या' असं लिहिलं होतं. एकाने २०० भरले. एकक ठरलेलं नसल्याने कोडने खोका धरला. खोक्यात ५० नग. झाले १०,०००. गोदामातल्या माणसाने "एवढ्यासाठी मोठा टेम्पो सांगू का?" असं विचारलं म्हणून वाचलो. आता एककाची यादी प्रत्येक वस्तूसाठी एसएपीतूनच येते आणि पाठवायच्या आधी ठळक अक्षरांत दिसतं: 'एकूण १०,००० नग'. माणसाला आपली चूक आकड्यात दिसत नाही, बेरजेत दिसते.

बाकीच्या खोड्या लहान, पण हमखास. एसएपीत ग्राहक क्रमांकाला दहा जागा असतात आणि निव्वळ आकडी क्रमांक असेल तर डावीकडच्या रिकाम्या जागा शून्यांनी भरतात. मॅडमना स्क्रीनवर ४५२१७ दिसतो, आत तो ००००४५२१७ नसून ०००००४५२१७ असतो. शून्यं मोजायला मीही दोनदा चुकलोय. फॉर्ममधून नुसता ४५२१७ गेला की आतला शोध म्हणतो, असा ग्राहक नाही. मधे कुणी यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली तर शून्यं उडालीच म्हणून समजा. तारखेचं तसंच: ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकी सेटिंगच्या लॅपटॉपला ४ मार्च. आत ती सलग आठ आकड्यांत राहते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आणि दीड हजार आपण १,५०० लिहितो, जर्मन पद्धतीत तो स्वल्पविराम दशांशाचं चिन्ह असतो, म्हणजे दीड.

जीएसटी नंबरचं उदाहरण जरा जास्त शिकवणारं आहे. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेरावं, त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगणारं. चौदावं सहसा झेड. आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं. त्यामुळे एखादं अक्षर चुकलं, शून्याच्या जागी 'ओ' पडला, तर गणित जमत नाही आणि ब्राउझर तिथल्या तिथे सांगू शकतो. पण गणित जमलं म्हणजे नोंदणी चालू आहे असं नाही. ती मागच्या महिन्यात रद्द झालेली असू शकते. आणि चालू असली तरी तो नंबर याच डीलरचा आहे का, हे तिसरंच. घडण, अर्थ आणि अधिकार अशा या तीन तपासण्या आहेत, आणि ब्राउझरला फक्त पहिली जमते.

तिसरीबद्दल आमच्याच टेस्टरने मला चांगला धडा दिला. फॉर्मवर भाव दिसत होता आणि सोयीसाठी मी तो एका लपवलेल्या चौकटीतून परत पाठवत होतो. तिने ब्राउझरची अवजारं उघडली, त्या चौकटीत १ लिहिलं, आणि एक रुपयाला एक खोका अशी ऑर्डर टाकून मला चहाला बोलावलं. ब्राउझर हा समोरच्या माणसाच्या हातातला असतो, त्यातलं काहीही तो बदलू शकतो. तिथल्या तपासण्या भरणाऱ्याच्या सोयीसाठी. पहारा सर्व्हरवरच बसवायचा. आणि भाव तर फॉर्मकडून घ्यायचाच नाही, तो ईआरपीने स्वतः काढायचा.

यापुढचा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो. नाशिकचे तेच शेठ. कारखान्यात येऊन गेले, संध्याकाळी ठाण्याहून परतीची गाडी पकडली आणि गाडीतच फॉर्म भरून बटण दाबलं. कळवा मागे पडलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. १९१६ सालचा हा बोगदा, लांबी सुमारे १.३ किलोमीटर. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून लोकल त्यातून जात नाहीत, पण लांबच्या गाड्या जातात. आत नेटवर्क गेलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं, मग 'जोडणी तुटली'. बोगदा संपल्यावर शेठनी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच. पुन्हा बटण दाबलं.

त्यांच्या पहिल्या पुडक्याचं तीनपैकी काहीतरी एक झालं असणार. ते निघालंच नाही. किंवा सर्व्हरपर्यंत पोचलं पण नोंद झाली नाही. किंवा नोंद झाली आणि उत्तर तेवढं बोगद्याच्या तोंडाशी हरवलं. शेठच्या फोनला या तिन्हींतला फरक कळायची सोयच नाही. पहिल्या दोन शक्यतांत पुन्हा पाठवणं बरोबर, तिसरीत पुन्हा पाठवलं की दोन ऑर्डरी. आणि हा प्रकार फोन आणि सर्व्हर यांच्यातच होतो असं नाही. सर्व्हर आणि एसएपी यांच्या मधल्या तारेवरही असाच एक बोगदा असतो. 'हो' आणि 'नाही' यांच्याशी प्रोग्रामर लढू शकतो, 'माहीत नाही' याच्याशी लढायला आधीपासून तयारी लागते.

तयारी अशी. फॉर्म उघडतानाच त्याला एक ओळख द्यायची, दुसऱ्या कुठल्याही फॉर्मशी कधीच न जुळणारी. उघडतानाच, बटण दाबताना नाही. दाबताना दिली तर प्रत्येक दाबण्याला नवी ओळख मिळेल आणि सगळं मुसळ केरात. ही ओळख पुडक्यासोबत जाते आणि ऑर्डरवर लिहून ठेवली जाते. तीच ओळख घेऊन दुसरं पुडकं आलं की सर्व्हर आधी शोधतो. सापडली तर नवीन ऑर्डर न करता जुनाच क्रमांक परत देतो. शेठ दहा वेळा बटण दाबोत, ऑर्डर एक.

एसएपीत ही ओळख लिहायला जागा शोधावी लागते. आमच्या डीलरांना स्वतःचा पीओ नंबर, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्राचा क्रमांक, नसतो, म्हणून आम्ही ऑर्डरवरची ग्राहकाच्या पीओ नंबरची चौकट वापरली. त्या चौकटीत ३५ अक्षरं मावतात. ओळखीसाठी सगळे जी यूयूआयडी वापरतात ती मधल्या आडव्या रेघांसकट ३६ अक्षरांची. शेवटचं एक अक्षर गुपचूप कापलं जात होतं. मग कोड ३६ अक्षरं घेऊन शोधायला जायचा, आत ३५ असायची, जुळायचं नाही, आणि तो समाधानाने दुसरी ऑर्डर करायचा. दुहेरी ऑर्डर टाळायची यंत्रणा बसवल्यावर महिनाभर दुहेरी ऑर्डरी होतच होत्या. चार रेघा काढल्या, ३२ अक्षरं राहिली, प्रश्न मिटला. त्या एका अक्षरासाठी गेलेले दोन शनिवार मात्र परत आले नाहीत.

आता यावर कुणी विचारेल, शेठला एवढं ताटकळत ठेवायचंच कशाला? बरोबर आहे. ईआरपी काही सदैव जागी नसते. देखभालीसाठी रविवारी रात्री बंद असते, महिनाअखेरीला जड होते. तिच्या उत्तराची वाट बघत फॉर्म अडवून ठेवण्यापेक्षा जुन्या पेढीवरची रीत बरी: दिवसभर जे घडेल ते आधी रोजकीर्दीत, मग सवडीने खतावणीत. फॉर्म आला की आपल्या स्वतःच्या छोट्या टेबलात जसाच्या तसा उतरवायचा, त्यावर 'आला' असा शेरा मारायचा आणि डीलरला मोकळं करायचं. मागे एक कामगार प्रोग्राम बसलेला असतो; तो एकेक नोंद उचलून एसएपीत चढवतो आणि शेरा बदलतो.

चढली नाही तर? इथे दोन जातींची अपयशं वेगळी ओळखावी लागतात. एसएपी बंद आहे, किंवा डीलरने ऑर्डरीत बदल पाठवलाय आणि मॅडम तीच ऑर्डर बदलाच्या स्क्रीनवर उघडी ठेवून डबा खायला गेल्यात, त्यामुळे तिला कुलूप आहे. हे अपयश वेळेने सुटतं. मिनिटाने, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करायचा. पण वस्तूचा कोडच चुकीचा असेल तर हजार वेळा पाठवूनही तो चुकीचाच राहणार. अशी नोंद बाजूला काढून माणसासमोर ठेवायची. दोन्हींना एकच औषध देणारा प्रोग्राम रात्रभर तीच चुकीची ऑर्डर एसएपीच्या दारावर आपटत बसतो. मी बघितलंय.

रोजकीर्द आली की डीलरशी बोलायची भाषाही बदलावी लागते, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. वेबच्या संकेतांतही हा फरक आहे: २०१ म्हणजे 'तयार झालं', २०२ म्हणजे 'घेतलंय, करतो'. पण स्क्रीनवर मात्र दोन्हीला 'धन्यवाद! ऑर्डर बुक झाली' हेच वाक्य लिहिलेलं असतं. आम्ही ते बदलून 'आपली मागणी मिळाली. ऑर्डर क्रमांक एसएमएसने येईल' असं केलं. विक्रीच्या साहेबांना ते कोरडं वाटलं, म्हणाले, जरा उत्साह हवा. मी म्हटलं, उत्साह एसएमएसमध्ये घालू.

रोजकीर्दीचा एक तोटाही सांगायला हवा. डीलरची नावं, मोबाइल, पत्ते आता दोन ठिकाणी राहतात, आणि चुका शोधायला ठेवलेल्या लॉग फाइलींत तिसऱ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तरी काम झालेली माहिती किती दिवसांनी पुसायची हे लिहून ठेवा.

शेवटची खोडी खास आपली, मराठीची. गाडीवाल्यांना वाचता यावं म्हणून डीलरचं नाव-पत्ता देवनागरीतही घ्यायचं ठरलं. पहिला झटका लांबीचा. 'श्रीकृष्ण' आपण तीन अक्षरांत वाचतो. संगणक श, हलन्त, र, वेलांटी असं करत नऊ मोजतो. नावाला ३५ जागा असतील तर 'श्रीकृष्ण इंजिनिअरिंग आणि हार्डवेअर स्टोअर्स' दारातच अडतं. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे नुसत्या 'ठाणे'ला बारा. मधल्या एखाद्या जुन्या प्रोग्रामने अक्षरांऐवजी बाइट मोजले तर अकरा चिन्हांवर नाव तुटतं, आणि पुढचे दोन बाइट अर्ध्या अक्षराचा चौकोन होऊन छापले जातात.

दुसरा झटका कऱ्हाडचा. गावाच्या नावावरून गाडीचा मार्ग ठरायचा आणि कऱ्हाडच्या डीलरच्या ऑर्डरी रोज अडकायच्या. फॉर्ममध्ये कऱ्हाड, यादीत कऱ्हाड, डोळ्यांना तसूभर फरक नाही, आणि संगणक म्हणतो जुळत नाही. दोन दिवस मी रिकाम्या जागा शोधत होतो. शेवटी चिन्हांचे आकडे काढून बघितले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला आकडा देणाऱ्या पद्धतीत, 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्त्याचं टिंब. डीलरच्या फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरत होता, यादी ज्याने टाइप केली त्याचा दुसरी. जुळवायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर एकाच तऱ्हेत आणायचा, त्याची तयार सोय बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत असते. फक्त ती वापरायची हे आठवावं लागतं. गोऱ्हे, कुऱ्हाडे, तऱ्हाळ, कुणीही अडकलं असतं.

त्या पाच हरवलेल्या ऑर्डरींनंतर एक गोष्ट आम्ही कायमची सुरू केली. रोज संध्याकाळी सात वाजता एक मेल जातो, त्यात एकच ओळ असते: आल्या ६३, नोंदल्या ६१, परत पाठवली १, अडकली १. 'नोंदल्या' हा आकडा वेबच्या टेबलातून घ्यायचा नाही, एसएपीला नव्याने विचारून घ्यायचा, नाहीतर मीच माझी उत्तरपत्रिका तपासल्यासारखं होतं. बेरीज जुळली नाही तर मेल लाल अक्षरांत येतो आणि माझी ठाण्याची सात बावीस चुकते.

जुळली तरी मॅडम निघत नाहीत. अडकलेल्या एकीचा फोन लावतात. "शेठ, तुमची आज चढायची राहिलीये, उद्या सकाळी करते. आणि ते दोन म्हणजे दोन खोके ना?"